तलावाकाठचा मुक्काम : वसंतकालीन प्रवासातील निवासस्थानाच्या निवडीचा इतिहास

प्रस्तावना

फाल्गुन संपत आला की कळमनुरी परिसरातील महाविद्यालयांत परीक्षांचे वेळापत्रक आणि सुट्टीतील प्रवासाचे बेत एकाच वेळी चर्चेत येतात. अशा चर्चेत ‘कोठे जावे’ हा प्रश्न लवकर सुटतो. ‘कोठे उतरावे’ हा प्रश्न मात्र बराच काळ रेंगाळतो. एखाद्या जलाशयाच्या काठी चार दिवस राहावयाचे तर पाण्यालगतचे पर्यटक निवास घ्यावे, गावातील लॉज पाहावे, देवस्थानाच्या भक्तनिवासात उतरावे, की शासकीय विश्रामगृहासाठी अर्ज करावा, असे अनेक पर्याय समोर असतात. खिसा, सोय आणि आवड पाहून त्यांतील एक निवडला जातो. परंतु हे सर्व पर्याय एकाच सामान्य प्रवाशासमोर खुले असणे ही इतिहासाच्या दृष्टीने फार अलीकडची गोष्ट होय. ज्याला पाणी पिण्यास मनाई होती त्याला त्या पाण्याकाठी छप्पर मिळण्याचा प्रश्नच नव्हता; आणि ज्याच्यासाठी छप्पर बांधले गेले होते त्यालाही ते निवडण्याची मुभा क्वचितच होती.

प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील, विशेषतः मराठवाड्याशी संबंधित, काही तलाव व जलाशय घेऊन तेथील मुक्कामाच्या सोयी कोणी, कोणासाठी आणि पाण्यापासून किती अंतरावर उभ्या केल्या याचा विचार केला आहे. पर्यटनाच्या इतिहासावर आपल्याकडे जे लेखन होते ते बहुधा किल्ले, लेणी आणि थंड हवेची ठिकाणे यांभोवती फिरते. प्रवासी रात्री कोठे झोपला, त्याला तेथे कोणी झोपू दिले, हा प्रश्न त्यात तळटीपेपुरताच येतो. वास्तविक प्रवासाचा सामाजिक इतिहास दिवसा पाहिलेल्या स्थळांपेक्षा रात्रीच्या निवाऱ्यातून अधिक स्पष्टपणे दिसतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

यात्रेकरूचा वसंत

वसंतात प्रवासास निघण्याची महाराष्ट्राची रीत सुट्टीच्या कल्पनेहून कितीतरी जुनी आहे. रब्बीची कापणी-मळणी उरकलेली, पेरणीला अद्याप अवकाश, अशा दिवसांत यात्रा भरत. पैठणची नाथषष्ठी फाल्गुन वद्य षष्ठीस येते. शिखर शिंगणापूरची यात्रा चैत्रात भरते. या दिवसांत शेतकरी मोकळा असतो, पण पाणी आटलेले असते. त्यामुळे मुक्काम कोठे करावयाचा याचे उत्तर सौंदर्यदृष्टीने मिळत नसून पाण्याच्या उपलब्धतेने ठरत असे.

शिखर शिंगणापूर हे या दृष्टीने लक्षणीय उदाहरण होय. डोंगरमाथ्यावरील या देवस्थानी चैत्रात लोटणाऱ्या यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल होतात हे पाहून वेरूळच्या मालोजीराजे भोसले यांनी तेथे तळे बांधविले, अशी परंपरा सांगते. म्हणजे येथे आधी मुक्काम होता आणि मुक्कामासाठी तलाव आला. आज आपण तलाव पाहून मुक्काम शोधतो. यात्रेच्या व्यवहारात हा क्रम उलटा होता.

मराठवाड्यातील आणि लगतच्या प्रदेशातील जुनी जलस्थाने पाहिली तरी हीच गोष्ट आढळते. कंधार येथील जगत्तुंग सागर हा राष्ट्रकूटकालीन तलाव राजधानीच्या वैभवाशी निगडित होता. लोणारला उल्कापाताने निर्माण झालेल्या विवरातील खारे पाणी पिण्याच्या उपयोगाचे नाही. यात्रेकरूंचा वावर राहिला तो विवराच्या काठावरील गोमुखाच्या अखंड वाहणाऱ्या गोड्या धारेजवळ आणि गावातील मंदिरांभोवती. खाली सरोवराकाठीही मंदिरे आहेत, परंतु रात्रीची वस्ती वरच राहिली. १८२३ साली अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने लोणारची नोंद केली आणि पुढे भूशास्त्रज्ञांचे पाय तेथे लागले. २०२० मध्ये लोणार सरोवरास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. आजचा पर्यटक विवराच्या कडेवरून खालचे पाणी न्याहाळतो, यात्रेकरू त्याच कडेवरील धारेखाली स्नान करतो. दोघांच्या मुक्कामाची जागा जवळजवळ एकच, पण त्यांच्या येण्याचे प्रयोजन निराळे.

धर्मशाळा पाण्याला चिकटून असे. घाट, कुंड, बारव किंवा तळे यांच्या पायऱ्यांपासून ती हाकेच्या अंतरावर बांधली जाई, कारण स्नान, संध्या, स्वयंपाक आणि जनावरांचे पाणी या सर्व गोष्टी तेथूनच उरकावयाच्या असत. अहिल्याबाई होळकर यांनी देशभर उभारलेल्या घाटांचा आणि धर्मशाळांचा उल्लेख नेहमी जोडीने केला जातो तो याच कारणाने. परंतु पाण्याशी असलेली हीच जवळीक धर्मशाळेतील भेदाचे मूळ ठरली. ज्याच्या स्पर्शाने पाणी बाटते असे मानले जाई त्याला त्या पाण्यालगतच्या ओसरीवर जागा मिळणे अशक्य होते. औंढा नागनाथ आणि नर्सी नामदेव ही दोन्ही क्षेत्रे आपल्या जिल्ह्यातीलच. ज्या परिसराने नामदेवांसारखा संत दिला, त्याच परिसरातील तीर्थाटनही या भेदापासून मुक्त नव्हते, ही गोष्ट भक्तिसंप्रदायाच्या गौरवात आपण सहसा उच्चारत नाही.

नळदुर्गचा पाणीमहाल

सामान्यांची धर्मशाळा काठावर होती. राजाची खोली प्रत्यक्ष पाण्यात होती. धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग किल्ल्यात बोरी नदीचे पाणी अडविणारा जो बंधारा आहे, त्याच्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल बांधलेला आहे. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातील हे काम. पावसाळ्यात सांडव्यांवरून पाणी कोसळू लागले की महालाच्या गवाक्षांसमोर पाण्याचा पडदा तयार होतो आणि आतील माणूस कोरडा राहतो. बंधारा किल्ल्याच्या संरक्षणासाठी आणि पाणीपुरवठ्यासाठी होता यात शंका नाही. परंतु भिंतीत खोली काढून तिला गवाक्षे ठेवणाऱ्या स्थपतीला पाण्याकडे केवळ पाहत बसण्याचे मोल कळले होते. ‘जलदृश्य असलेली खोली’ ही कल्पना आपण पाश्चात्त्य हॉटेलांकडून घेतली असे समजतो. तिचा एक उत्कृष्ट नमुना चारशे वर्षांपूर्वीच्या मराठवाड्यात उभा आहे.

याच किल्ल्यात १८५३ नंतर फिलिप मेडोज टेलर राहिला. निजामाने इंग्रजांकडे सोपविलेल्या मुलखापैकी नळदुर्ग भागाचा कारभार त्याच्याकडे होता. १८७७ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात या वास्तव्याचा वृत्तान्त आहे. १८५७ मध्ये तो वऱ्हाडात बुलढाण्यास गेला. आदिलशाही राजवटीने स्वतःसाठी निर्माण केलेली पाण्याकाठची जागा कंपनीच्या अधिकाऱ्याकडे आली, एवढाच काय तो बदल. किल्ल्याबाहेरील रयतेच्या दृष्टीने दोन्ही वेळा दार बंदच होते.

बंगला : उंचावरून दिसणारे पाणी

ब्रिटिश काळात निवाऱ्याचा एक नवा प्रकार आला. त्याला डाकबंगला, मुसाफिर बंगला, पुढे निरीक्षण बंगला आणि विश्रामगृह अशी नावे पडली. धर्मशाळा आणि बंगला यांत मूलभूत फरक जागेचा होता. बंगला शक्यतो उंचवट्यावर, हवेशीर ठिकाणी, गावापासून व घाटापासून दूर बांधला जाई. पाणी आणून देण्यास माणूस असल्याने पाण्यालगत राहण्याचे कारण उरले नाही. पाणी वापरण्याची वस्तू होते ते बंगल्याच्या व्हरांड्यातून पाहण्याची वस्तू झाले. वर्गभेदाचा हा भूगोल आजही टिकून आहे. कोणत्याही जुन्या धरणावर गेले असता टेकडीवरील सर्वांत चांगली जागा कोणाच्या विश्रामगृहाने घेतली आहे हे पाहावे.

महाबळेश्वर हे याचे ठळक उदाहरण. १८२८–२९ च्या सुमारास गव्हर्नर सर जॉन माल्कम याने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा खंडाळा गावाच्या मोबदल्यात घेतली आणि माल्कम पेठ वसविली. वेण्णा तलाव त्यानंतरचा. तो १८४२ साली साताऱ्याचे अप्पासाहेब महाराज यांनी बांधविला. त्याचा हेतू पेठेला पाणी पुरविण्याचा होता. नौकाविहार नंतर आला. झऱ्यांचे पाणी मिळत असल्याने वैशाखातही हा तलाव भरलेला दिसतो, आणि मुंबई सरकारचा मुक्काम ज्या एप्रिल–मे महिन्यांत महाबळेश्वरी असे तेव्हा साहेबांना हिरवळ व पाणी दोन्ही लाभे. वसंतातील सुट्टी तलावाकाठी घालविण्याची जी प्रतिमा मराठी मध्यमवर्गाच्या मनात रुजली तिचे उगमस्थान येथे आहे. प्रथम संस्थानिक, नंतर मुंबईचे धनिक, नंतर वकील-प्राध्यापक, अशा क्रमाने ती खाली झिरपली. ‘हवा पालटण्यास जाणे’ हा वाक्प्रचार त्याच प्रवासाची खूण होय.

तथापि बंगल्याला केवळ विशेषाधिकाराचे प्रतीक ठरवून मोकळे होणे इतिहासास धरून होणार नाही. बंगला सरकारचा होता, आणि सरकारी इमारतीत प्रवेशाचा नियम गावकीच्या हाती नव्हता. या एका गोष्टीमुळे बंगल्याला अनपेक्षित महत्त्व कसे प्राप्त झाले, हे पुढील प्रसंगातून दिसते.

तलाव आणि धर्मशाळा : एकाच ठरावात

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालविले जाणारे पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांना वापरू द्यावेत, असा त्याचा आशय होता. हा ठराव पाण्याच्या हक्कासंदर्भात नेहमी उद्धृत होतो. त्यातील ‘धर्मशाळा’ या शब्दाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष पुरेसे गेलेले नाही. पाणवठा आणि निवारा एकाच वाक्यात आले हा योगायोग म्हणता येणार नाही. प्रवासातील अपमानाची ही दोन ठिकाणे होती आणि ती बहुधा शेजारी शेजारी होती.

या ठरावानुसार महाड नगरपालिकेने १९२४ साली आपली तळी खुली केल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात तसे घडले नाही. २० मार्च १९२७ रोजी, ऐन वसंतात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली परिषदेस जमलेल्या समुदायाने चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर गावात अफवा पसरून परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. अशा वेळी बाबासाहेब व त्यांचे सहकारी उतरले होते ते महाडच्या सरकारी बंगल्यात. गावातील कोणत्या खासगी छपराखाली त्यांना निर्धास्त राहता आले असते, असा प्रश्न विचारला म्हणजे या तपशिलाचे मोल कळते. एकीकडे व्हरांड्यातून पाणी पाहणाऱ्या साहेबाचा बंगला, दुसरीकडे पाण्याला हात लावल्याबद्दल मार खाणाऱ्यांच्या नेत्याला निवारा देणारा बंगला. वास्तू एकाच प्रकारची. चवदार तळ्याचा दिवाणी खटला पुढे दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकालात निघाला.

निवाऱ्याच्या प्रश्नाची धग बाबासाहेबांनी स्वतः सोसली होती. परदेशातून शिकून आल्यावर १९१७ मध्ये बडोद्यास नोकरीसाठी गेले असता त्यांना राहण्यास जागा मिळेना. पारशी सराईत ओळख लपवून काढलेले दिवस आणि तेथून झालेली हकालपट्टी त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात नोंदविली आहे. त्याच लेखनात मराठवाड्यातील एक प्रसंग येतो. १९३४ साली सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यास निघाले असता वाटेत दौलताबाद किल्ल्याच्या प्रवेशद्वाराजवळील लहान हौदावर मंडळींनी हातपाय धुतले. महिना रमजानचा होता. पाणी बाटविले म्हणून जमाव धावून आला, आणि पुढे किल्ला पाहावा लागला तो पाण्याला स्पर्श न करण्याच्या अटीवर, सशस्त्र पहाऱ्यात. पर्यटनाचा इतिहास लिहिणाऱ्याने हा प्रसंग टाळता कामा नये. ती राजकीय सभा नव्हती, मोर्चा नव्हता. मित्रांनी मिळून काढलेली ती एक सहल होती. बोले ठराव निजामी राज्यात लागू नव्हता. तेथे मनाई करणारे कधी हिंदू होते, कधी मुस्लिम. मनाई मात्र तीच.

मराठवाड्यापुरते बोलावयाचे तर १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले आणि २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना लागू झाली. घटनेच्या १५ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात दोन उपखंड आहेत. पहिल्यात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीची ठिकाणे यांत प्रवेशाचा उल्लेख आहे. दुसऱ्यात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराचा. हॉटेल आणि तलाव पुन्हा एकमेकांशेजारी आले. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमात धर्मशाळा, सराई व मुसाफिरखाने यांची आणि तलाव-घाटांची नोंद एकाच कलमात आहे. १९७६ पासून हा कायदा नागरी हक्क संरक्षण अधिनियम या नावाने ओळखला जातो. सुट्टीसाठी तलावाकाठची खोली राखून ठेवणाऱ्या आजच्या प्रवाशाची निवड कायद्याच्या दृष्टीने या दोन उपखंडांवर उभी आहे. व्यवहारात आडनाव विचारून खोली नाकारली जाण्याचे प्रकार थांबले आहेत असे म्हणण्याचे धाडस मात्र करवत नाही.

धरणांचे जलाशय

विसाव्या शतकात महाराष्ट्राचा जलनकाशा बदलला. आज आपण ज्यांना निसर्गरम्य तलाव म्हणतो त्यांपैकी बहुतेक धरणांचे जलाशय आहेत. प्रवरेवरील भंडारदरा येथील विल्सन धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १० डिसेंबर १९२६ रोजी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. जलाशयाला ऑर्थर हिल या अभियंत्याचे नाव मिळाले. धरण बांधणाऱ्यांच्या राहण्यासाठी बंगले झाले आणि पुढे तीच पर्यटनाची सुरुवात ठरली. जवळजवळ प्रत्येक धरणाची कथा हीच आहे. काम संपले, वसाहत ओसरली, उंचावरचा बंगला तेवढा राहिला. १९७५ साली महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले आणि सामान्य माणसाला शिफारशीवाचून, पैसे भरून जलाशयाकाठी राहता येऊ लागले. महामंडळाच्या खोल्यांविषयी तक्रारी पुष्कळ ऐकू येतात. पण अधिकाऱ्याची ओळख नसताना मिळणारी खोली ही लहान गोष्ट नव्हती.

या जलाशयांच्या तळाशी गावे आहेत. मुळशीच्या खोऱ्यात टाटांच्या वीज प्रकल्पासाठी जमिनी जाऊ लागल्या तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही उपाधी याच लढ्याने दिली आणि विनायकराव भुस्कुटे यांनी त्याचा इतिहास लिहून ठेवला. धरण तरीही झाले. आज मुळशीच्या काठी महागडी निवासस्थाने आहेत आणि पुण्या-मुंबईचे लोक तेथे सप्ताहअखेर घालवितात. चैत्रात सत्याग्रह झाला त्याच चैत्रात आज तेथे गर्दी असते. पवना जलाशयाकाठी तंबूंतील मुक्कामाची टूम गेल्या काही वर्षांत फोफावली. त्याच मावळ तालुक्यात ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेच्या पाण्याच्या नळयोजनेविरुद्ध झालेल्या आंदोलनात पोलीस गोळीबार होऊन तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. ही ठिकाणे वर्ज्य मानावीत असा येथे मुळीच आग्रह नाही. परंतु खोली कोणाच्या मालकीची आहे, आणि त्या मालकीशी विस्थापित कुटुंबांचा काही संबंध उरला आहे काय, ही चौकशी खोलीच्या भाड्याइतकीच स्वाभाविक मानली जावी.

याच्या अगदी उलट चित्र पूर्व विदर्भातील तलावांच्या प्रदेशात दिसते. गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांध हा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते. (गोंदिया आणि हिंगोली हे दोन्ही जिल्हे एकाच दिवशी, १ मे १९९९ रोजी, अस्तित्वात आले.) चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्यास त्याखाली भिजणारी जमीन देण्याचे धोरण ठेवले आणि कोहळी समाजाने त्या भागात तलावांचे जाळे विणले. येथे तलावाने गाव बुडविले नाही, गाव वसविले. त्यामुळे पाहुणा गावात उतरला तरी तलावाकाठीच उतरतो. वनाधिकारी म्हणून नवेगावास राहिलेल्या मारुती चितमपल्ली यांचे ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक वाचले म्हणजे तेथील मुक्काम आणि स्थानिकांचे ज्ञान यांचा संबंध उमगतो. वसंतात पळस फुललेला असताना तलावाचे सान्निध्य हवे असेल, तर प्रस्तुत लेखक महाबळेश्वराआधी नवेगावचे नाव घेईल.

वसंतातील जलरेषा

निवाऱ्याची निवड करताना एक भौतिक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, आणि तिलाही इतिहास आहे. गावतलाव आणि झऱ्यांवरील तलाव यांचा काठ फारसा हलत नाही. धरणाचा काठ हलतो. सिंचनासाठी पाणी सुटू लागले की माघापासून जलरेषा मागे सरकते आणि चैत्र-वैशाखात उथळ बाजूस ती कित्येक शेकडो मीटर दूर गेलेली असते. पूर्ण जलपातळीपर्यंतची जमीन शासनाने संपादित केलेली असल्याने कायम स्वरूपाचे निवासस्थान तिच्या वरच असावे लागते. परिणामी भाद्रपदात ज्या खोलीच्या पायरीशी पाणी असते, त्याच खोलीतून एप्रिलमध्ये भेगाळलेला गाळ दिसतो. छायाचित्रे बहुधा भाद्रपदातील असतात. उताराच्या बाजूस, भिंतीच्या निकट असलेल्या जागेतून पाणी उन्हाळ्यातही दिसते. फुगवट्याच्या टोकाकडील जागेतून दिसत नाही.

उघड्या पडलेल्या त्या जमिनीत गाळपेर होते. कलिंगड, काकडी, भुईमूग घेतले जातात. काही ठिकाणी पाण्याखालील वास्तूही वर येतात. उजनीच्या जलाशयात पळसदेवचे प्राचीन मंदिर पाणी उतरले की दिसू लागते, पवनेत वाघेश्वराचे. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनीच्या उथळ पाण्यात भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या गावांलगत रोहित पक्षी उतरतात आणि ते पाहण्यास लोक जातात. तेथे नाव चालविणारे व घरी जेवू घालणारे अनेकजण मच्छीमार किंवा काठावरच्या गावांतील रहिवासी आहेत. शासनाचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण अशा घरगुती निवासाला उत्तेजन देते. कोयनेच्या शिवसागराकाठी तापोळा-बामणोली भागातही घरगुती निवासाची प्रथा रुळली आहे. धर्मशाळा, बंगला आणि महामंडळ यांच्यानंतरचा हा चौथा प्रकार. यात यजमान स्वतः काठाचा रहिवासी असतो, हे त्याचे वेगळेपण. जेवणाच्या पंगतीला बसल्यावर बुडालेल्या गावशिवाराची माहिती सहज निघते. पर्यटक निवासाच्या स्वागतकक्षात ती मिळत नाही.

आपल्या परिसरात पूर्णेवरील येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे १९६८ ची. पैनगंगेवरील इसापूर धरण १९८२ मध्ये पूर्ण झाले. कळमनुरी आणि पुसद या दोन तालुक्यांच्या सीमेवरील इसापूरचा जलाशय हा राज्यातील मोठ्या जलाशयांपैकी एक असूनही मुक्कामाचे ठिकाण म्हणून त्याची ओळख झालेली नाही. सिद्धेश्वरला जाणारा प्रवासी औंढ्याच्या भक्तनिवासात उतरतो, म्हणजे यात्रेकरूच्या जुन्या वाटेवरच चालतो. इसापूरला जाणाऱ्यास कळमनुरीस उतरावे की पुसदला, हे ठरवावे लागते. १८५३ नंतर जवळजवळ शंभर वर्षे हा निर्णय दोन राजवटींमधील होता, कारण पैनगंगेच्या उत्तरेस इंग्रजी अमलाखालील वऱ्हाड आणि दक्षिणेस निजामाचा परभणी जिल्हा होता. उत्तरतीरावरचा बंगला इंग्रजी नियमांनी चाले, दक्षिणतीरावरचा निजामी. आता दोन्ही तीरांवर एकच राज्य आहे, जलाशयाने नदीचे पात्रही पुसून टाकले आहे. चैत्रात पाणी उतरू लागले की दोन्ही काठांवर गाळपेरीची शेते दिसू लागतात, आणि ती करणाऱ्यांत धरणात जमिनी गेलेल्या कुटुंबांतील माणसे आढळतात. इसापूरला उद्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या गेल्या तर त्या टेकडीवर बांधल्या जातील, की या शेतांच्या वरच्या बांधावरील घरांतून निघतील, हे अद्याप ठरावयाचे आहे.